चौकातला हिशेब

माझं काम हिशेब तपासण्याचं. दुसऱ्यांच्या वह्या, पावत्या, करारपत्रं वाचायची आणि कुठे काय जुळत नाही त्यावर पेन्सिलीने बारीक खूण करायची. वर्षानुवर्षं हे केलं की माणसाला एक खोड लागते. कुणी कितीही रंगवून गोष्ट सांगो, आपलं मन मागून विचारत राहतं: पैसे आले कुठून, गेले कुठे, आणि कागद कुणाच्या नावावर आहे?

त्यामुळे रॅप माझ्या वाट्याला यायचं काही कारण नव्हतं. आला तो भाच्यामुळे. एका रात्री त्याने आपल्या कानातला एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला आणि म्हणाला, "मावशी, हे ऐक. हा तुझ्या लाइनीतला आहे." मी तोंड वाकडं केलं. शब्दांचा मारा, शिव्या, गळ्यात साखळ्या, इतकीच माझी त्या दुनियेची ओळख. पण कानावर आला तो एक खालच्या पट्टीतला, जरा घोगरा, अजिबात घाई नसलेला आवाज. ओट्यावर बसून एखादा थोरला भाऊ धाकट्याला चार गोष्टी सांगतो ना, तसा. अर्धे शब्द कळले नाहीत. बोलीभाषा वेगळी, संदर्भ वेगळे. पण जे कळले त्यात हप्ता होता, मालकी होती, भाडं होतं, पगाराच्या माणसांची यादी होती. हा माणूस गात नव्हता, ताळेबंद वाचून दाखवत होता.

त्याचं नाव निप्सी हसल. भाच्याने ऐकवलं तेव्हा त्याला जाऊन काही महिने झाले होते.

खरं नाव अर्मियस असगेडम. जन्म 15 ऑगस्ट 1985, लॉस एंजेलिस. वडील एरिट्रियाहून आलेले, आई तिथलीच, आफ्रिकन-अमेरिकन. निप्सी रसेल नावाचे एक जुने विनोदी कलाकार होऊन गेले, त्यांच्या नावावर कोटी करून हे टोपणनाव पडलं. 'हसल' म्हणजे खटपट, धडपड, जमेल त्या मार्गाने चार पैसे उभे करणं. आपल्याकडे 'खटपट्या' म्हणतात त्यात कौतुक आणि संशय दोन्ही असतात. 'हसल'मध्येही तसंच आहे.

त्याच्याविषयी वाचायला बसले तेव्हा पहिल्या चार-पाच लेखांत एकच साचा सापडला. गरिबी, टोळ्या, गोळ्या, तरीही कलेवरची निष्ठा, आणि मग 'त्या नरकातून बाहेर पडलेला' तारा. चिखल आणि कमळ. मला या कमळाचा कंटाळा आहे. एक तर त्यात चिखल कुणी केला हे कधी विचारलं जात नाही. दुसरं, कमळाच्या गोष्टीत शेवटी कुणीतरी येऊन ते खुडून नेतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. वर येणं म्हणजे निघून जाणं, असं आपण किती सहज धरून चालतो! निप्सीच्या बाबतीत हिशेब इथेच चुकतो. तो निघून गेलाच नाही. स्लॉसन अव्हेन्यू आणि क्रेनशॉ बुलेवार्ड हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या चौकातल्या एका वाहनतळावर तो पोरवयात उभा राहून सीडी विकायचा, आणि 33 व्या वर्षी मेला तोही त्याच वाहनतळावर. मधल्या काळात तो जितका वर चढला, तितका सगळा त्या एका चौकातच चढला.

म्हणून आधी तो चौक समजून घ्यावा लागतो.

साउथ लॉस एंजेलिसमधल्या या वस्त्यांत कृष्णवर्णीय माणसाला घर घेता येऊ नये यासाठी एकेकाळी चक्क खरेदीखतातच कलम असायचं: हे घर गोऱ्याखेरीज कुणाला विकायचं नाही. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असली कलमं न्यायालयांनी अमलात आणू नयेत. पण त्याआधीच, 1930 च्या दशकात, सरकारी नकाशांवर असे भाग लाल रंगाने रंगवून झाले होते. लाल म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. नकाशावरचा रंग पुसायला न्यायालयाचा एक निकाल पुरत नाही. कर्ज नाही म्हणजे घर नाही, घर नाही म्हणजे तारण नाही, तारण नाही म्हणजे धंदा नाही. पुढची पिढी शून्यापासून सुरू करते असं म्हणणंही चुकीचं. ती उणे रकमेपासून सुरू करते.

तरी कारखाने होते तोवर पोट चालत होतं. जवळच्या साउथ गेटमध्ये फायरस्टोनचा टायरचा कारखाना होता, तो 1980 मध्ये बंद पडला. गुडइयरचाही त्याच सुमारास. जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना 1982 मध्ये. निप्सीचा जन्म 1985 चा. हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले की मला तरी वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. युनियनचा पगार घेणाऱ्या बापांची पिढी संपली आणि त्यांच्या पोरांच्या दारात क्रॅक कोकेन आलं. क्रिप्स नावाची टोळी तिथे 1970 च्या आसपासच उभी राहिलेली होती. आता तिच्या हातात विकायला माल आला, मालाबरोबर बंदुका आल्या, आणि बंदुकांपाठोपाठ सरसकट धरपकड करणारे पोलीस आले. 1992 मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस निर्दोष सुटले आणि शहर पेटलं. साठहून अधिक माणसं गेली. तेव्हा हा पोरगा सहा वर्षांचा होता.

अकराव्या वर्षी तो बूटपॉलिश करायचा. एका जोडाचे अडीच डॉलर. शाळेसाठी कपडे घ्यायचे होते, आणि दिवसाला शंभर जोड करायचे असं त्याने ठरवलं होतं. शंभर जोड काही होत नसणार. पण अकरा वर्षांचं पोरगं गुणाकार करून कामाला लागतं, त्याचं मला फार अप्रूप वाटतं. (शंभर हा आकडा या माणसाच्या आयुष्यात परत परत येतो. पुढे येईलच.) थोडा मोठा झाल्यावर सुटे भाग जमवून त्याने स्वतःचा संगणक जुळवला आणि त्यावर गाणी रेकॉर्ड करायला लागला. चौदाव्या वर्षी घर सोडून आजीकडे राहायला गेला. शाळा अर्धवट सुटली. आणि क्रिप्सची त्या भागातली शाखा, रोलिंग सिक्स्टीज, तिच्यात तो सामील झाला.

इथे लेखक मंडळी दोन मार्ग काढतात. एक तर 'वाट चुकला' म्हणतात, नाही तर त्या टोळीच्या निळ्या रुमालाला झालर लावतात. मला दोन्ही जमत नाही. टोळीने माणसं मारली आहेत, आपल्याच रंगाची, शेजारच्याच गल्लीतली. आणि त्याच वेळी, ज्या पोराला शाळा, बँक, पोलीस यांपैकी कुणीही 'तू आमचा' म्हटलेलं नाही, त्याला ते म्हणणारी ती एकच संस्था होती. निप्सीने पुढे कधी ही ओळख लपवली नाही की नाकारली नाही. ते धाडस होतं की हट्ट, यावर भाचा आणि मी अजून भांडतो.

2004 मध्ये वडील त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला, सॅमियलला, एरिट्रियाला घेऊन गेले. तीन महिने. तीस वर्षं लढून इथिओपियापासून सुटलेला, 1993 मध्ये स्वतंत्र झालेला, पोराहून वयाने लहान असा देश. परत आल्यावर तो या प्रवासाबद्दल खूप बोलला आहे. तिथे सगळ्या खुर्च्यांत आपल्यासारखी दिसणारी माणसं बसली होती, हे त्याच्या मनात घर करून राहिलं. पोलीसही तेच, अधिकारीही तेच, दुकानदारही तेच. एरिट्रियाची राजवट काही गौरवावी अशी नाही, तिथून लोक जीव मुठीत धरून पळतात. एकोणीस वर्षांच्या पोराला ते दिसलं नसेल किंवा त्याने पाहायचं टाळलं असेल. त्याला दिसली ती मालकी. आपल्या माणसांची जागा आपल्या माणसांच्या नावावर असते, असं जगात कुठेतरी आहे, एवढंच घेऊन तो परतला.

परतला तो पुन्हा त्याच वाहनतळावर. भाऊ टी-शर्ट विकायचा, हा सीडी. गाडीची डिकी उघडी टाकायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायच्या. पोलीस येऊन हुसकावायचे, की दुसऱ्या दिवशी परत.

मग आला करार. 2008 च्या सुमारास निप्सीची गाठ एपिक या मोठ्या कंपनीशी पडली. आता माझा प्रांत आला, तेव्हा जरा सविस्तर लिहिते. गाण्याच्या धंद्यातले हे करार कसे असतात ते न कळता या माणसाचं मोठेपण कळत नाही.

कंपनी कलाकाराला आगाऊ रक्कम देते. पोराला वाटतं, पगार मिळाला. तो पगार नसतो, उचल असते. उसाच्या फडावर जाणाऱ्याला उचल म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. समजा, एक लाख डॉलर दिले आणि कलाकाराचा वाटा पंधरा टक्के ठरला. आता गाण्याच्या विक्रीतून दहा डॉलर आले तर दीड डॉलर कलाकाराच्या खात्यावर जमा होतो, पण हातात येत नाही. तो उचलीतून वजा होतो. अशी उचल फिटेपर्यंत विक्री किती व्हावी लागेल? साधारण 6 लाख 67 हजार डॉलरची. म्हणजे कंपनीच्या गल्ल्यात साडेसहा लाख आले तरी कलाकार अजून कर्जातच असतो. वर रेकॉर्डिंगचा खर्च, व्हिडिओचा खर्च, हेही बहुतेक वेळा त्याच्याच नावे पडतात. आणि सगळं फिटल्यावरही मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला मास्टर म्हणतात, ते राहतं कंपनीचंच. म्हणजे कर्ज फेडून घर सावकाराच्याच नावावर! माझ्यासमोर कुणी अशी कर्जाची कागदपत्रं आणली असती तर मी पेन्सिल खाली ठेवून चहा मागवला असता.

हा साचा सगळ्या धंद्याचा, आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. निप्सीच्या करारात नेमकं काय होतं याबद्दल हे नाही. पण 2010 मध्ये तो त्या कंपनीतून बाहेर पडला, आणि इतर पोरं कंपनीने सोडलं की कोलमडतात तसा तो कोलमडला नाही. त्याने स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवलं 'ऑल मनी इन, नो मनी आउट'. सगळा पैसा आत, बाहेर काही नाही. असा ताळेबंद कुठलाही लेखापरीक्षक मंजूर करणार नाही, पण नावात राग किती आहे पाहा. त्याच वर्षाच्या शेवटी त्याने जो गाण्यांचा संच, म्हणजे मिक्सटेप, काढला त्याला नाव दिलं 'द मॅरेथॉन', आणि तेव्हापासून त्याच्या सगळ्या उद्योगाला तोच शब्द चिकटला.

मिक्सटेप म्हणजे काय, तेही सांगायला हवं. रॅपच्या दुनियेत मिक्सटेप फुकट वाटायची वस्तू. ओळख व्हावी म्हणून. रस्त्याच्या कडेला, मित्राच्या गाडीत, पुढे इंटरनेटवर. बऱ्याचदा दुसऱ्याच्या संगीतावर आपले शब्द, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने सगळं धूसर. 2007 च्या जानेवारीत अटलांटात पोलिसांनी डीजे ड्रामा या प्रसिद्ध मिक्सटेपवाल्याच्या स्टुडिओवर धाड घालून हजारो सीडी उचलल्या होत्या. गंमत अशी की रेकॉर्ड कंपन्यांची संघटना त्या धाडीमागे होती आणि त्याच कंपन्या आपल्या नव्या पोरांची जाहिरात त्याच मिक्सटेपांतून करून घेत होत्या.

त्याच डीजे ड्रामाला सोबत घेऊन निप्सीने 8 ऑक्टोबर 2013 ला 'क्रेनशॉ' नावाची मिक्सटेप काढली. इंटरनेटवर फुकट. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी. आणि तीच, अगदी तीच गाणी, सीडीवर घातली. प्रती फक्त 1000. किंमत प्रत्येकी 100 डॉलर.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते. मोहिमेला नाव होतं 'प्राउड टू पे'. पैसे देण्यात अभिमान. ही कल्पना त्याने एका मार्केटिंगच्या प्राध्यापकाच्या पुस्तकातून उचलली होती. फिलाडेल्फियात चीझस्टेक नावाचं सँडविच रस्तोरस्ती चार-पाच डॉलरना मिळतं, तिथे एका हॉटेलने ते शंभर डॉलरना विकायला ठेवलं आणि साऱ्या गावाच्या तोंडी ते हॉटेल झालं, अशी त्यात हकिकत आहे. वाहनतळावर सीडी विकणाऱ्या, शाळा सोडलेल्या माणसाने ते पुस्तक वाचलं आणि प्राध्यापकाच्या पुस्तकातला सिद्धांत आपल्या चौकात खरा करून दाखवला.

हजार प्रती चोवीस तासांच्या आत संपल्या. त्यातल्या शंभर एकट्या जे-झी या बड्या रॅपरने घेतल्या. दहा हजार डॉलर. एकूण जमा, 1 लाख डॉलर.

वर मी उचलीचं उदाहरण दिलं त्यात हाच आकडा घेतला होता, तो उगाच नव्हे. एक लाख कंपनीकडून घेतले तर आयुष्यभराची गाणी तिच्या नावावर. एक लाख आपल्या हजार माणसांकडून घेतले तर गाणी आपल्या नावावर, आणि शिवाय ज्याच्याकडे शंभर डॉलर नाहीत त्यालाही ती फुकट ऐकायला मिळतात. यात कुणाचंच नुकसान नाही. मला सगळ्यात आवडतं ते हे, की त्याने किंमत चढवली पण दार बंद केलं नाही. ज्याला परवडतं त्याने द्यावं, आणि का देतोय हे माहीत असून द्यावं. देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी देतात ना, तसं काहीसं. दर्शन सगळ्यांनाच असतं.

पुढच्याच वर्षाच्या अखेरीला त्याने आणखी एक संच काढला, 'मेलबॉक्स मनी'. शंभर प्रती, प्रत्येकी 1000 डॉलर. (शंभर आलेच.) हे नाव म्हणजे टपालाने घरबसल्या येणारा पैसा: भाडं, व्याज, मानधनाचे धनादेश. टोळीतल्या पोरांना समोर बसवून हा माणूस निष्क्रिय उत्पन्नावर प्रवचन देत होता आणि ती पोरं माना डोलवत ते पाठ करत होती. मी कितीतरी शिकलेल्या माणसांना मुद्दल आणि व्याज यांतला फरक समजावताना घामाघूम झाले आहे. बहुधा ताल कमी पडला.

2018 च्या फेब्रुवारीत त्याचा पहिला रीतसर अल्बम आला, 'व्हिक्टरी लॅप'. कितीतरी वर्षं 'येणार येणार' म्हणून गाजलेला. यात अटलांटिक ही मोठी कंपनी सोबत होती, म्हणून काही कडवे चाहते म्हणाले, मग स्वतंत्र कसला? मला तो आक्षेप पटत नाही. आपली कंपनी, आपली मालकी शाबूत ठेवून केलेली ती भागीदारी होती. स्वतंत्र असणं म्हणजे कुणाशी व्यवहारच न करणं नव्हे. व्यवहाराच्या मेजावर आपली खुर्ची आपण आणलेली असणं. अल्बम बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकावर आला, विक्री आणि ऑनलाइन ऐकणं मिळून पहिल्या आठवड्याचा आकडा 53 हजारांच्या घरात गेला, ग्रॅमीचं नामांकन मिळालं, ग्रॅमी मिळालं नाही. एवढं पुरे.

कारण खरी बातमी चौकात होती. ज्या व्यापारी संकुलाच्या वाहनतळावरून त्याला हुसकावलं जायचं, त्याच संकुलात 2017 च्या जूनमध्ये त्याने 'मॅरेथॉन क्लोदिंग' हे कपड्यांचं दुकान थाटलं. भाड्याने. टी-शर्टवर फोन धरला की गाणी आणि व्हिडिओ उघडतील, अशी सोय त्यात केली. वस्तीतल्या, नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्या लोकांना कामाला घेतलं. पुढच्या वर्षी जवळच एक जागा घेऊन डेव्हिड ग्रॉस या गुंतवणूकदाराबरोबर तिथे व्हेक्टर 90 सुरू केलं: नवे उद्योग करणाऱ्यांना बसायला वरचा मजला, पोरांना विज्ञान-गणित शिकवायला खालचा. आणि 2019 च्या सुरुवातीला भागीदारीत ते अख्खं संकुलच विकत घेतलं.

भाडेकरू मालक झाला. गाडीच्या डिकीपासून खरेदीखतापर्यंत पंधरा-एक वर्षं, आणि अंतर शून्य पावलं.

त्याच सुमारास क्रेनशॉवरून मेट्रोची नवी मार्गिका येत होती. काही टप्प्यांत ती जमिनीखालून जाते, इथल्या टप्प्यात मात्र रस्त्यावरून. दुकानं धुळीत गेली, आणि गाडी आली की भाडी वाढणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्यावर वस्तीतल्या लोकांनी आणि नगरसेवकाने मिळून 'डेस्टिनेशन क्रेनशॉ' नावाची कल्पना काढली: गाडी डोळ्यांसमोरून जाणारच असेल, तर त्या सव्वा-दीड मैलात खिडकीतून आमचा इतिहास दिसू दे. शिल्पं, भित्तिचित्रं, झाडं. निप्सी त्यात होता. ज्या वस्तीला नकाशावर लाल रंगवलं होतं, तिथली माणसं आता स्वतः रंग निवडणार होती.

त्याला देव्हाऱ्यात बसवायचं मला कारण नाही. तो समलिंगी लोकांबद्दल जाहीरपणे घाणेरडं लिहून गेला आहे. एड्स बरा करण्याचा दावा करणाऱ्या एका स्वयंघोषित वैद्यावर तो माहितीपट काढत होता, आणि त्यावरून त्याच्या मृत्यूनंतर औषध कंपन्यांनीच त्याला मारलं अशा अफवांचं पीक आलं. भाच्याला हे सांगितलं की तो म्हणतो, "मावशी, सगळ्यांच्याच वहीत खाडाखोड असते." असते. पण खाडाखोड झाकून वही दाखवली तर मी सही करत नाही.

आता ती दुपार. 31 मार्च 2019, रविवार. निप्सी दुकानावर आला तेव्हा सोबत अंगरक्षक नव्हते. वीसहून अधिक वर्षं तुरुंगात काढून सुटलेला वस्तीतला एक जुना ओळखीचा माणूस दुकानावर येणार होता, त्याला नवे कपडे द्यायचे होते, अशा बातम्या तेव्हा आल्या. वाहनतळावर लोक भेटत होते, फोटो काढत होते. त्याच टोळीतला, तोंडओळखीचा एक जण आला, चार शब्द झाले, तो गेला, आणि परत येऊन त्याने गोळ्या झाडल्या. बाहेरचा कुणी नाही, शत्रूटोळी नाही, कंपनी नाही. दुसऱ्या दिवशी निप्सीची शहराच्या पोलीस अधिकाऱ्यांशी बैठक ठरलेली होती, टोळ्यांमधला हिंसाचार कसा कमी करता येईल यावर बोलायला. बैठकीची मागणी त्याच्याच बाजूने झाली होती.

निघून गेला असता तर वाचला असता, हे उघड आहे. डोंगरावर बंगला घेण्याइतके पैसे होते. मी बराच काळ त्याला मनातल्या मनात रागावत होते, की बाबा, सगळा धोका एकाच जागी कसला ठेवतोस? कुठलाही शहाणा सल्लागार म्हणाला असता, वाटून ठेव. पण त्याचा सगळा व्यवहारच त्या एका गृहीतावर उभा होता. जागा सोडून केलेली मालकी त्याला नको होती.

अकरा दिवसांनी स्टेपल्स सेंटर या प्रचंड क्रीडागृहात अंत्यदर्शन झालं. त्यानंतर साडेपंचवीस मैलांची अंत्ययात्रा साउथ लॉस एंजेलिसमधून फिरली, जवळजवळ एका मॅरेथॉनइतकी. बराक ओबामांचं पत्र वाचून दाखवलं गेलं. पुढच्या जानेवारीत त्याला दोन ग्रॅमी मिळाले. 2022 मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर त्याच्या नावाचा तारा बसला. त्या चौकाला त्याचं नाव द्यायचं शहराने ठरवलं. मारणाऱ्याला 2023 मध्ये साठ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली.

हे सगळं ठळक अक्षरांत छापून आलं. मी मात्र सवयीने बारीक अक्षरांकडे गेले.

ज्या माणसाला निप्सी कपडे देणार होता असं छापून आलं, त्यालाही पाठीत गोळी लागली होती. तो वाचला. दवाखान्यातून बाहेर आला, चाकाच्या खुर्चीवर होता. आणि काही दिवसांत त्याला पोलिसांनी उचललं. तुरुंगातून सुटताना घातलेल्या अटी त्याने मोडल्या होत्या. कुठली अट? टोळीच्या माणसाशी संपर्क ठेवायचा नाही. आणि तो टोळीचा माणूस कोण, तर निप्सी हसल.

2016 मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकाने टोळीवाल्यांची नावं ठेवणारी सरकारी यादी तपासली होती, कॅलगँग तिचं नाव. आमच्याच जमातीतले लोक, त्यामुळे तो अहवाल मी नीट वाचला. यादीत बेचाळीस नावं अशी सापडली की नोंद झाली त्या दिवशी त्यांचं वय, कागदाप्रमाणे, एक वर्षाहून कमी. त्यातल्या अठ्ठावीस जणांच्या नावापुढे कारण लिहिलं होतं: टोळीत असल्याची स्वतः कबुली दिली. पाळण्यातल्या पोरांनी! कुठेतरी जन्मतारीख चुकीची पडली असणार, हे उघड आहे. पण कुणी परत पाहिलं नाही. एकदा शिरलेलं नाव काढायचं काम कुणाकडेच नसावं, असा तो सगळा कारभार.

निप्सीचं नाव त्याच यादीत होतं का, याच्याशी मला कर्तव्य नाही. त्या मेल्या-जगल्या माणसाला पकडणाऱ्या अधिकाऱ्यासमोर कुठला तरी कागद होताच. त्या कागदाप्रमाणे 31 मार्चच्या दुपारी क्रेनशॉ आणि स्लॉसनच्या चौकात दोन माणसं भेटली. एक सुटलेला कैदी, एक टोळीचा माणूस. दुकान चालवणारा, ते दुकान ज्या जमिनीवर उभं आहे तिचा भागीदार, आणि त्याच्याकडे शर्ट घ्यायला आलेला गिऱ्हाईक, असं लिहायला त्यात रकाना नव्हता.

बोंबाबोंब झाली, तेव्हा तो ठपका मागे घेतला आणि माणसाला सोडून दिलं. शर्ट त्याला मिळाला होता की नाही, एवढं मात्र मला कुठल्याच बातमीत सापडलं नाही.